वॉट नको, वॉट-तास सांगा

पॉवर स्टेशन, म्हणजे सॉकेट असलेली, उचलून नेता येणारी बॅटरीची पेटी, घ्यायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘हे किती वॉटचं आहे?’ प्रश्नच चुकीचा आहे. विकणाऱ्याला तो सोयीचा पडतो, म्हणून तो कुणी दुरुस्त करून देत नाही.

खोक्यावर ठळक अक्षरांत 600 वॉट, 1200 वॉट छापलेलं असतं. त्याच्या खाली आणखी मोठा आकडा असतो, तो ‘सर्ज’चा, म्हणजे क्षणभर किती झेपेल त्याचा. या दोन्ही आकड्यांतून एवढंच कळतं की पेटीतून एका वेळी किती ओढता येईल. ती किती वेळ चालेल, हे त्यांतून कळत नाही. ते सांगणारा आकडा वॉट-तासांचा, आणि तो मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो. विहिरीवर दहा हॉर्सपॉवरची मोटर बसवली म्हणून विहिरीतलं पाणी वाढत नाही. लॅपटॉपवाल्याला लहान मोटर पुरते, पाणी मात्र भरपूर लागतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लाईट गेल्यावर लॅपटॉप चालावा एवढ्यासाठी पेटी घ्यायची असेल, तर दुकानात जाण्याआधी आपली गरज वॉट-तासांत मोजा. मोजल्यावर बरेच जण मनात धरली होती त्याहून खूप लहान पेटीवर येतात. काहींना पेटीच लागत नाही. लाईट जाण्याची भीती खरी आहे, पण भीतीच्या मापाने वस्तू घेतली की पैसे जातात आणि कामही नीट होत नाही.

मोजायला यंत्र लागत नाही. चार्जरवर 65 वॉट लिहिलेलं असतं आणि लोक तोच आकडा धरून गुणाकार करतात. 65 ही चार्जरची कमाल मर्यादा आहे. लॅपटॉपची रिकामी बॅटरी भरताना तेवढं ओढलं जातं, एरवी सहसा नाही. लिहिणं, ब्राउझर, ईमेल, अधूनमधून व्हिडिओ मीटिंग एवढंच काम असेल तर आजचा चौदा इंची लॅपटॉप साधारण 10 ते 25 वॉटवर चालतो. जुना किंवा मोठ्या स्क्रीनचा असेल तर 30 धरा. स्वतःचा आकडा काढायचा तर लॅपटॉपच्या बॅटरीवर तिचे वॉट-तास लिहिलेले असतात ते बघा, पूर्ण भरा, प्लग काढा आणि रोजचं काम करा. बॅटरीत 50 वॉट-तास आहेत आणि ती अडीच तास टिकली, म्हणजे तुमचा खर्च 20 वॉटचा.

इथे एक पाचर आहे. बॅटरी जुनी असेल तर 50 वॉट-तास तिच्यावर नुसते लिहिलेले असतात, आत तेवढे उरलेले नसतात. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढायची सोय आहे. त्यात बॅटरी नवी असताना किती धरत होती आणि आज पूर्ण भरल्यावर किती धरते, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी मिळतात. चार-पाच वर्षं वापरलेल्या लॅपटॉपमध्ये दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आलेला असेल तर नवल नाही. अशा माणसाने पॉवर स्टेशनच्या दुकानाकडे वळण्याआधी लॅपटॉपची बॅटरी बदलून घ्यावी. पेटीच्या किमतीच्या एका भागात ते काम होतं आणि रोज उपयोगी पडतं, लाईट असो की नसो. हा सल्ला तुम्हाला जाहिरातीत दिसणार नाही, कारण त्यात पेटी विकली जात नाही.

आता पुण्यातला गुरुवार घेऊ. देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी लाईट बंद ठेवायची तिथे जुनी पद्धत आहे. घरून काम करणाऱ्यांनी आपला आठवडा त्याभोवती बसवलेला असतो. समजा, सहा तास लाईट नाही. लॅपटॉप 30 वॉटचा धरला, जरा सढळ हाताने, तर सहा तासांचे 180 वॉट-तास. त्यातले 40 लॅपटॉपच्या पोटातच आहेत. उरले 140. वायफाय राऊटर 10 वॉटचा, त्याचे 60. एकदा मोबाइल भरायचा, त्याचे 20. झाले 220. पेटीतून बाहेर येताना थोडं वाया जातं, म्हणून 0.85 ने भागा: साधारण 260. म्हणजे 300 वॉट-तासांची पेटी या माणसाला पुरून उरते. लिथियम आयर्न फॉस्फेटची एवढी पेटी साधारण चार-पाच किलोची असते, एका हाताने उचलून गॅलरीतून खोलीत नेता येते. हजार वॉट-तासांची पेटी दहा किलोच्या वर जाते. ती एकदा कोपऱ्यात ठेवली की सहसा तिथेच राहते.

आणि लाईट तीनच तास जात असेल तर? चांगला लॅपटॉप आणि एक पॉवर बँक, विषय संपला. पण पॉवर बँकेवरचा आकडा नीट वाचता यायला हवा. 20,000 एमएएच हा आकडा आतल्या सेलच्या व्होल्टेजला मोजलेला असतो, तो साधारण 3.7 व्होल्ट. गुणाकार करून हजाराने भागलं की 74 वॉट-तास येतात. लॅपटॉपला 20 व्होल्ट लागतात. ते चढवताना काही ऊर्जा उष्णतेत जाते आणि हातात 50 ते 60 वॉट-तास येतात. 20 वॉटच्या लॅपटॉपला त्यात अडीच-तीन तास मिळतात, 30 वॉटच्या लॅपटॉपला दोनच्या आत. हे वाईट नाही. वाईट हे आहे की एमएएचचा भलामोठा आकडा पॉवर स्टेशनच्या खोक्यावरही छापतात आणि व्होल्टेज सांगत नाहीत. 80,000 एमएएच म्हणजे 3.7 व्होल्टला सुमारे 300 वॉट-तास. व्होल्टेजच लिहिलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. अशी पेटी मी फुकटही सुचवणार नाही.

राऊटरकडे लोकांचं लक्षच नसतं. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, राऊटरला नाही. लाईट गेल्याच्या क्षणी मीटिंग तुटते ती लॅपटॉपमुळे तुटत नाही. राऊटरसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, हजार-दोन हजार रुपयांत. तो कायमचा जोडून ठेवायचा आणि विसरून जायचं. घरून काम करणाऱ्या प्रत्येकाने पॉवर स्टेशनच्या आधी हा घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. त्याआधी इंटरनेट देणाऱ्याला एक प्रश्न विचारा: तुमच्या केंद्रापासून माझ्या घरापर्यंत मध्ये कुठे विजेवर चालणारं यंत्र आहे का? काही फायबर जाळ्यांत केंद्र ते घर या वाटेवर विजेची गरजच नसते. टोकांना बॅटरी असली की लाईन चालू राहते. पण गल्लीतल्या केबलवाल्याने तुमच्या इमारतीच्या जिन्याखाली स्विच बसवला असेल आणि त्याला बॅटरी नसेल, तर तुमच्या घरात हजार वॉट-तास भरून ठेवलेत तरी इंटरनेट नाही. तिथे दोष पेटीचा नाही. तिथे सोसायटीने मिळून त्या स्विचला बॅटरी लावून घ्यायला हवी, आणि तो खर्च सगळ्यांच्या वर्गणीत किरकोळ असतो.

पेटी आणल्यावर ती वापरायची कशी, यावर आता जरा रेंगाळतो, कारण निम्मी फसगत इथे होते.

लॅपटॉपचा नेहमीचा चार्जर पेटीच्या तीन पिनी सॉकेटमध्ये खोचणं ही सवयीची गोष्ट आहे. पण काय होतं बघा. पेटीतल्या बॅटरीचा डीसी प्रवाह आधी 230 व्होल्ट एसीत बदलला जातो आणि मग चार्जर तोच एसी पुन्हा 20 व्होल्ट डीसीत आणतो. दोनदा रूपांतर, दोनदा तोटा. शिवाय पेटीतला इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतः वीज खातो. लहान पेटीत ते पाचेक वॉट असतं, मोठ्या पेटीत 10 ते 20 वॉट. हजार वॉट-तासांच्या पेटीवर 20 वॉटचा लॅपटॉप सहा तास चालवला तर लॅपटॉपने 120 वॉट-तास घेतले आणि इन्व्हर्टरने नुसतं जागं राहण्यासाठी 60 ते 120. मोठी पेटी म्हणजे जास्त तास, हा हिशोब लहान कामाला बसत नाही. फ्रिज चालवायला ती ठीक आहे.

उपाय सोपा आहे. पेटीला टाईप-सीचं तोंड असतं. त्यातून पीडी (पॉवर डिलिव्हरी) पद्धतीने 20 व्होल्टला 3.25 अँपिअर, म्हणजे 65 वॉट मिळत असतील, तर टाईप-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप थेट त्यावर लावा. इन्व्हर्टर बंदच ठेवा. 100 वॉट हवे असतील तर 5 अँपिअर पेलणारी, आत चिप असलेली केबल लागते, मोबाइलची साधी केबल चालत नाही. पेटी घेताना 18 किंवा 30 वॉटचं टाईप-सी गळ्यात मारलं जात नाही ना, हे बघा. खोक्यावर ‘टाईप-सी’ एवढंच लिहिलेलं असेल तर पुढचा आकडा विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. गेमिंगच्या लॅपटॉपची गोष्ट वेगळी. त्यांचे चार्जर 180, 230 वॉटचे असतात, टाईप-सीवर ते पूर्ण जोमाने चालत नाहीत. त्यांना एसीच लागतो आणि शुद्ध साईन वेव्हचाच लागतो.

राऊटरही थेट पेटीच्या 12 व्होल्टच्या डीसी तोंडावर लावता येतो, पिन जुळली आणि व्होल्टेज जुळलं तर. काही पेट्या भार फार कमी दिसला की वीज वाचवायला आपोआप बंद होतात. दहा वॉटचा राऊटर त्यांना भार वाटतच नाही. रात्री काम करणाऱ्याचं कनेक्शन मग मध्येच जातं. ही सोय बंद करता येते का, हे आधीच विचारा.

आत सेल कोणता, यावर माझी निवड ठरलेली आहे: लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. दुसरा पर्याय निकेल-मँगनीज-कोबाल्टचा. तो हलका असतो, पण क्षमता 80 टक्क्यांवर येईपर्यंत साधारण 500 ते 800 वेळा भरता-रिकामा करता येतो. एलएफपी सर्वसाधारणपणे दोन ते चार हजार वेळा. शिवाय तो तापल्यावर लवकर बिथरत नाही. घरात, कागदांच्या आणि कपड्यांच्या शेजारी, मुलांच्या हाताशी ठेवायची वस्तू आहे ही, त्यामुळे एक-दोन किलो वजन जास्त असलं तरी मला चालतं. या रसायनाचा 1997 चा मूळ शोधनिबंध टेक्सास विद्यापीठातला. त्यावर तीन नावं आहेत: ए. के. पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ. गुडइनफ यांना लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी 2019 चं नोबेल मिळालं, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. आज जगभर गाड्यांत आणि घरांत बसलेल्या या सेलच्या पहिल्या शोधनिबंधावर दोन भारतीय वंशाची नावं आहेत, हे आपल्या शाळांत सांगायला हवं.

एलएफपी सुरक्षित म्हणजे वाटेल तिथे ठेवा असं नाही. लिथियमच्या सेलला 45 अंशांच्या वर चार्जिंग मानवत नाही. चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे मे महिन्यात हवाच तिथवर पोचते. पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या डिकीत, गच्चीवर पॅनेलच्या सावलीत ठेवून पेटी भरणं म्हणजे तिचं आयुष्य खाणं आहे. घरातल्या सगळ्यात थंड जागी, फरशीवर, चारी बाजूंनी हवा खेळेल अशी ठेवा. गादीवर, उशीला टेकवून भरू नका. कोकणात उलट काळजी: ओल. तिथे जमिनीला टेकवू नका, स्टुलावर ठेवा. वापर नसेल तर अर्ध्याहून थोडी जास्त भरून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी बघत जा. सेल फुगलेली पेटी दुरुस्त करायची नसते. ती कचराकुंडीतही टाकायची नसते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम 2022 साली आले. त्यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर आहे. घेताना विचारा, परत कुठे घेता? ज्याला उत्तर येत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

सेलवर भारतीय मानक ब्युरोचं आयएस 16046 आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून तपासता येतो. दोन मिनिटांचं काम आहे.

‘मुलगा अमेरिकेत आहे, तिकडून आणायला सांगतो.’ हे वाक्य पुण्यात, ठाण्यात, नाशिकात घरोघरी ऐकू येतं, आणि फोन-लॅपटॉपपुरतं ते बरोबरही असतं. इथे नाही. विमानात लिथियम बॅटरी 100 वॉट-तासांपर्यंत नेता येते, तीही हाताच्या सामानात. 100 ते 160 च्या मध्ये विमान कंपनीची परवानगी लागते. 160 च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. म्हणजे कामाची कुठलीही पेटी विमानतळावरच काढून घेतली जाईल. आणि समजा, ती दुसऱ्या कुठल्या मार्गाने आलीच, तरी तिकडची पेटी 120 व्होल्ट, 60 हर्ट्झची. तशा अनेक पेट्यांचं चार्जिंगही 120 व्होल्टलाच होतं. आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटला लावली की संपली. वॉरंटी तिकडची, दुरुस्ती तिकडची. मुलाला सांगायचंच असेल तर 100 वॉट-तासांच्या आतली चांगली, टाईप-सी 65 वॉटची पॉवर बँक सांगा. ती हाताच्या सामानात बसते.

विजेचा दाब कमी असलेल्या गावांसाठी एक वेगळी गोष्ट. लॅपटॉपचे बहुतेक चार्जर 100 ते 240 व्होल्टवर चालतात. म्हणून दाब 160 वर आला आणि ट्यूब लागेनाशी झाली, पंखा रेंगाळला, तरी लॅपटॉप निमूट चार्ज होत राहतो. पेटीच्या चार्जरची मर्यादा मात्र एवढी सैल असेलच असं नाही. दाब उतरला की काही पेट्या भरायला नकार देतात, आणि जिथे दाब उतरतो तिथेच लाईटही जाते. खोक्यावरची ‘इनपुट’ची ओळ वाचा. त्याच ओळीवर दुसरं उत्तर मिळतं: पेटी किती वेळात भरते. दिवसातून दोन-तीन वेळा लाईट जात-येत असेल तर हे उत्तर क्षमतेइतकंच मोलाचं आहे. आठ तासांत भरणारी पेटी मधल्या तासाभरात काय भरणार? तासा-दीड तासात भरणारी लहान पेटी तिथे मोठ्या संथ पेटीपेक्षा जास्त काम देते.

आता कोकण. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. असे दिवस डोळ्यांसमोर ठेवून कुणी दोन हजार वॉट-तासांची पेटी घेत असेल तर मी त्याला थांबवीन. आठवडाभराच्या अंधाराला कुठलीच पेटी पुरत नाही. तिथे प्रश्न साठ्याचा नसून भरण्याचा असतो. आणि जून ते ऑगस्ट कोकणात सोलर पॅनेलवर विसंबणं धोक्याचं. 100 वॉटचं पॅनेल स्वच्छ उन्हात 60-70 वॉट देतं, ढगाखाली त्याचा काही अंशच. खरा उपयोग गाडीचा होतो. गाडीतल्या 12 व्होल्टच्या सॉकेटमधून साधारण 100 वॉट मिळतात. गाडी चालू ठेवून, मोकळ्या हवेत, तीनेक तासांत 300 वॉट-तासांची पेटी भरते. नुसता लॅपटॉपच भरायचा तर गाडीच्या सॉकेटला लागणारा 65 वॉटचा टाईप-सी चार्जर घ्या. किनारपट्टीवरच्या प्रत्येक गाडीत तो असावा. पण मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासच टिकतात आणि पुढे तिथे डिझेल पोचवावं लागतं, हेही लक्षात ठेवा. टॉवर गेला की लॅपटॉप भरलेला असूनही ऑफिस बंदच असतं. अशा दिवसांत साहेबाला आधी कळवून ठेवणं कुठल्याही पेटीपेक्षा उपयोगी, आणि साहेबानेही ते समजून घ्यायला हवं. देवगडला बसून काम करणाऱ्याने वादळाच्या दिवशी कॅमेरा का लावला नाही, हा प्रश्न माणुसकीचा नाही.

घरच्या इन्व्हर्टरला मी कमी लेखत नाही. 2005 नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने बारा-बारा तासांचा अंधार सोसला. तेव्हा ज्याला जमलं त्याने इन्व्हर्टर-बॅटरी बसवली आणि त्या जोडीवर पोरांनी दहावी-बारावीचे अभ्यास केले. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॉट-तास. व्यवहारात निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत धरा. तरी किमतीला वॉट-तासांनी भागलं तर ती आजही पॉवर स्टेशनच्या कितीतरी खाली येते. हा भागाकार प्रत्येक वस्तूचा करा: 30,000 रुपयांना 300 वॉट-तास म्हणजे वॉट-तासाला 100 रुपये. स्वतःचं घर आहे, म्हातारी माणसं आहेत, पंखा आणि दिवेही लागतात, तर इन्व्हर्टरच घ्या, शुद्ध साईन वेव्हचा. डिस्टिल्ड वॉटर घालायची आठवण ठेवा आणि बॅटरी हवेशीर जागी ठेवा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. लॅपटॉप 20 वॉटचा, जुना पंखा 75 वॉटचा. पंखा बदलून 30 वॉटचा बीएलडीसी लावला तर वाचतं ते लॅपटॉप दोनदा चालवायला पुरतं.

पॉवर स्टेशन कुणासाठी, तर भाड्याच्या घरात राहणाऱ्यासाठी, होस्टेलच्या मुलीसाठी, दर अकरा महिन्यांनी सामान उचलणाऱ्यासाठी. पन्नास-साठ किलोची बॅटरी आणि भिंतीतली वायरिंग जो बरोबर नेऊ शकत नाही त्याच्यासाठी. डेस्कटॉपवर काम करणाऱ्यालाही पेटी लागते. मात्र त्याने लाईट गेल्यावर पेटी किती मिलिसेकंदांत भार उचलते ते विचारावं. वीसच्या आत असेल तर संगणक सहसा बंद पडत नाही. लॅपटॉपवाल्याने या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. त्याला त्याची गरज नाही.

आणि पेटी घेतली म्हणून तक्रार करणं सोडू नका. हे मला मनापासून सांगायचं आहे. 2020 च्या वीज ग्राहक हक्क नियमांनी चोवीस तास पुरवठा हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. शेतीसारख्या काही वर्गांसाठी वीज नियामक आयोग कमी तास ठरवू शकतो, हे त्यातलं मोठं भोक आहे. रात्री पाणी द्यायला विंचवाकाट्यातून जाणाऱ्या शेतकऱ्याला ते रोज दिसतं. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने सेवेचे निकष आणि न पाळल्यास द्यायची भरपाई ठरवून दिलेली आहे. लाईट गेल्याची नोंद करा, तक्रारीचा क्रमांक घ्या, तो जपून ठेवा. घरोघरी पेट्या आल्या आणि तक्रारी थांबल्या, तर गल्लीतली जळकी डीपी बदलायची घाई कुणालाच उरणार नाही. ज्याला पेटी परवडत नाही तो शेजारी अंधारात बसेल.

शेवटची गोष्ट पैशाची नाही. लाईट गेल्यावर घरभर वीज खेळवायला काही जण दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून घेतात. एक टोक पेटीत किंवा जनरेटरमध्ये आणि दुसरं भिंतीतल्या सॉकेटमध्ये. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, डीपीत शिरते आणि तिथून हजारो व्होल्टची होऊन तारेवर चढते. तारेला हात लावलेला असतो वायरमनने, भर पावसात, लाईन बंद आहे या भरवशावर. तशी वायर तुमच्या घरात असेल तर आज कापून टाका. इलेक्ट्रिशियन करून देतो म्हणाला तरी करून घेऊ नका.